चेन सॉने फळ्या पाडण्यासाठी मशीन, बार आणि चेन: निवड व जुळवणी

खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, किंवा सीमा ओलांडून चंदगडकडे, घरच्या रानातला फणस किंवा साग आडवा झाला की पहिली अडचण तो बाहेर काढण्याची असते. बांधावरून ट्रॅक्टर जात नाही, ओढ्याला पाणी असते आणि ओंडका बेळगावच्या सॉ मिलपर्यंत नेण्याचा खर्च लाकडाच्या किमतीला येऊन भिडतो. अशा वेळी चेन सॉला लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट जोडून जागच्या जागी फळ्या पाडता येतात. ज्यांनी आजवर चेन सॉ फक्त फांद्या छाटायला आणि जळण तोडायला वापरला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

नवखा माणूस दुकानात जाऊन आधी मशीन घेतो, मग त्या मशीनबरोबर येईल तो बार आणि बारवर बसेल ती चेन घेतो, आणि शेवटी त्यात मावेल एवढे लाकूड शोधतो. हा क्रम पूर्ण उलटा करावा. आधी लाकडाची रुंदी मोजावी, त्यावरून बार ठरवावा, बारवरून इंजिन आणि इंजिनवरून चेन ठरवावी. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत.

त्याआधी एक हिशेब मांडायला हवा. साध्या चेनचा काप सुमारे ८ मि.मी. रुंद पडतो. २५ मि.मी. जाडीच्या फळ्या पाडल्या तर प्रत्येक फळीमागे ८ मि.मी. लाकूड भुशात जाते, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. सॉ मिलच्या बँड सॉचा काप दोन-तीन मि.मी.चा असतो. त्यामुळे ओंडका रस्त्याकडेला पडलेला असेल आणि तुम्हाला पातळ फळ्याच हव्या असतील, तर सरळ सॉ मिल गाठावी. चेन सॉची खरी उपयुक्तता जाड तुळया, चौकटीचे लाकूड, दोन इंची फळ्या आणि सॉ मिलच्या गाड्यावर न मावणारे रुंद बुंधे यांच्यासाठी आहे.

१. लाकडाचे कागद आधी करावेत

झाड तुमच्या मालकीच्या जमिनीत असले तरी कर्नाटकात 'कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा, १९७६' लागू होतो आणि बहुतेक जातींसाठी वनविभागाच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. निलगिरी, सुरू, सुबाभूळ, सिल्व्हर ओक अशा काही जाती या अटीतून वगळलेल्या आहेत, पण ही यादी दुरुस्त होत आलेली असल्याने आपल्या रेंज ऑफिसमध्ये चालू यादी पाहूनच झाडाला हात लावावा. चंदगडच्या बाजूला महाराष्ट्राचा १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा लागतो. लाकूड एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचे असेल तर वाहतूक पासाची चौकशी आधी करावी, कारण फळ्या पाडल्या म्हणजे ते लाकूड राहिले नाही असे नाक्यावर कोणी मानत नाही.

जवळ ठेवायची कागदपत्रे अशी:

- जमिनीचा चालू आरटीसी उतारा
- खातेदाराचे आधार कार्ड आणि सामाईक खाते असल्यास इतर खातेदारांचे संमतीपत्र
- तोडीच्या परवानगीची प्रत आणि लागू असेल तेथे वाहतूक पास
- मशीनच्या खरेदीचे बिल

कागद कन्नडमध्ये असतात, म्हणून झाडांची कन्नड नावे माहीत असलेली बरी. साग म्हणजे तेग, शिसव म्हणजे बीटे, ऐन म्हणजे मत्ती, बिबळा म्हणजे होन्ने, नाणा म्हणजे नंदी आणि फणस म्हणजे हलसु. अर्जात ऐन लिहिला आणि पंचनाम्यात दुसरेच झाड नोंदले गेले तर पुढचे हेलपाटे तुमच्याच वाट्याला येतात. दुसऱ्यांचे लाकूड भाड्याने चिरून देण्याचा विचार असेल तर सॉ मिलच्या परवान्याचा प्रश्न उभा राहू शकतो, तेव्हा मशीन घेण्यापूर्वीच त्याबद्दल रेंज ऑफिसला विचारावे.

२. बारची लांबी लाकडावरून ठरवावी

ओंडक्याचे सर्वांत रुंद ठिकाण मोजावे. बहुधा ते बुडाकडे किंवा जाड फांदी फुटते तिथे असते. चौकटीचे दोन पकडे आणि मशीनच्या तोंडावरचे लोखंडी दात मिळून बारची चार-पाच इंच लांबी खातात, म्हणून ३६ इंची बारवर प्रत्यक्षात ३१-३२ इंच रुंदीचाच काप मिळतो. मोजलेल्या रुंदीत पाच इंच मिळवावेत आणि त्याच्या वरचा बाजारात मिळणारा बार घ्यावा. पुढे कधी मोठे झाड मिळेल म्हणून उगाच लांब बार घेऊ नये. बार लांब झाला की तो मधे लवतो, चेन जास्त तापते, ऑईल टोकापर्यंत पोहोचत नाही आणि इंजिनाची ताकद नुसती चेन ओढण्यातच खर्च होते.

टोकाला चाक असलेला आणि चाक नसलेला असे दोन प्रकार मिळतात. फळ्यांसाठी चाकाचा बार घ्यावा, मात्र चौकटीचा पुढचा पकडा चाकाच्या मागे, भरीव पत्र्यावरच बसला पाहिजे. पकड्याने चाकाचे बेअरिंग दाबले गेले तर चेन जड फिरते आणि पहिल्याच कापात टोक निळे पडते. पकडा आवळून झाल्यावर हातमोजा घालून चेन हाताने ओढून पाहावी. ती सहज फिरली पाहिजे. तपासायला अर्धा मिनिट लागतो, पण बहुतेक जण ते तपासत नाहीत.

बारच्या बुडाशी असलेली खाच आणि ऑईलचे भोक कंपनीगणिक वेगळे असते. लांबी जुळली म्हणून एका कंपनीचा बार दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर बसेलच असे नाही. जुना बार दुकानात सोबत नेणे हाच सोपा उपाय आहे.

३. इंजिन

जळण तोडताना मशीन काही सेकंद जोर लावते आणि मग विसावते. फळी पाडताना ते पूर्ण थ्रॉटलवर, पूर्ण भाराखाली, मिनिटामागून मिनिट चालत राहते. त्यामुळे जळणासाठी उत्तम ठरलेले मशीन इथे कमी पडू शकते. ढोबळ अंदाज असा धरावा: १८ इंचांपर्यंतच्या रुंदीला ६० ते ७० सीसी, २४ ते ३० इंचांना ९० सीसीच्या आसपास आणि त्याहून रुंद कठीण लाकडाला १२० सीसी. उदाहरणार्थ, स्टिल (Stihl) कंपनीचे एमएस ३८२ हे ७२.२ सीसीचे, एमएस ६६१ हे ९१.१ सीसीचे आणि एमएस ८८१ हे १२१.६ सीसीचे मशीन आहे. हुस्क्वार्नाचे ३९५ एक्सपी ९३.६ सीसीचे आहे. गावाजवळ ज्या कंपनीचे सुटे भाग आणि कार्ब्युरेटर उघडता येणारा मेस्त्री आहे, त्या कंपनीचे मशीन घ्यावे. ५० किलोमीटरवरच्या सर्व्हिस सेंटरचा फायदा हंगामात होत नाही.

स्वस्त मशीनवर लिहिलेल्या सीसीवर विसंबू नये. माहितीपत्रकात सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव दिलेली असते, त्यावरून हिशेब करता येतो. व्यास ४५.२ मि.मी. आणि धाव ३४ मि.मी. असेल तर आकारमान ५४.६ सीसीच येते, डब्यावर ५८ छापलेले असले तरी. असे मशीन आंब्याच्या १२-१४ इंची ओंडक्यावर शिकण्यापुरते चालेल. त्यावर २४ इंची सागाची अपेक्षा ठेवणे म्हणजे पिस्टनची नवी जोडी विकत घेणे.

४. चेन ओळखून घ्यावी

शहरात चेन बहुधा रोलमधून तोडून मिळते. दुकानदाराला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खाचेत उतरणाऱ्या कड्यांची, संख्या. यातली एक जरी चुकली तरी चेन बसत नाही.

पिच मोजण्यासाठी लागोपाठच्या तीन रिव्हेटांपैकी पहिल्या आणि तिसऱ्याच्या मध्यांमधले अंतर मोजून त्याचे निम्मे करावे. ते ८.२५ मि.मी. आले तर पॉइंट ३२५ इंच (दुकानात पिच इंचांत सांगतात), ९.३२ आले तर तीन-अष्टमांश आणि १०.२६ आले तर पॉइंट ४०४. गेज म्हणजे बारच्या खाचेत उतरणाऱ्या लिंकची जाडी. ती १.१, १.३, १.५ किंवा १.६ मि.मी. असते. स्टिलच्या चेनवर ड्राइव्ह लिंकवर कोरलेला आकडा गेजचा शेवटचा अंक असतो, म्हणजे ६ असेल तर १.६ मि.मी. ऑरेगॉन कंपनीच्या तीन-अष्टमांश चेनवर ७२, ७३ आणि ७५ हे आकडे अनुक्रमे १.३, १.५ आणि १.६ मि.मी. दर्शवतात. लिंक मात्र स्वतः मोजाव्यात. २० इंची बारला ७२ लिंक लागतात हे बहुधा खरे असले तरी त्याच लांबीचा बार दुसऱ्या कंपनीचा असेल तर संख्या बदलू शकते.

प्रकारांमध्ये माझे मत स्पष्ट आहे. आपल्याकडचे ओंडके तांबड्या मातीतून ओढत आणलेले असतात आणि सालीच्या भेगांत ती माती वाळून बसलेली असते. चौकोनी कोपऱ्याचा फुल चिझल दाता स्वच्छ लाकडात वेगाने कापतो, पण माती लागताच त्याचा कोपरा जातो. गोलसर कोपऱ्याचा सेमी चिझल किंचित सावकाश कापतो आणि धार दीर्घकाळ टिकवतो. नवख्याने सेमी चिझलच घ्यावी.

मध्यम मशीनवर तीन-अष्टमांश लो प्रोफाइल चेनचा पर्यायही पाहण्यासारखा आहे. तिचा काप अरुंद असतो, त्यामुळे इंजिनावर भार कमी आणि भुसाही कमी. तिला स्वतःचा जुळता बार आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारे मशीनवरचे दातेरी चाक) लागतो. ती नाजूक असल्याने ९० सीसीच्या पुढच्या मशीनवर मात्र घालू नये. ३० इंचांच्या पुढच्या बारसाठी दात्यांमध्ये जादा अंतर ठेवलेली स्किप चेन मिळते. एका वेळी लाकडात कमी दाते असल्याने लहान इंजिनालाही दम धरता येतो आणि भुसा बाहेर पडायला जागा राहते.

स्प्रॉकेट ही दुर्लक्षित वस्तू आहे. त्यावर अर्धा मि.मी. खोल खाच पडली की तो बदलावा, साधारण दोन चेनमागे एक. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर ती ताणली जाऊन लवकर बाद होते.

५. धार: फळीचे काम इथेच ठरते

झाड आडवे कापताना दाते लाकडाचे तंतू बाजूने छेदतात. ओंडका लांबीत चिरताना तंतूंची टोके दात्यांसमोर उभी असतात आणि प्रत्येक दात्याला ती टोके तासत जावे लागते. म्हणून कपचीऐवजी बारीक भुसा पडतो, वेग कमी होतो आणि धार लवकर जाते. याउलट चौकटीशिवाय बार तंतूंच्या दिशेने आडवा धरून ठोकळा फोडायला गेल्यास शेवयांसारखे लांब धागे निघतात आणि क्लचच्या कव्हरमध्ये अडकून मशीन कोंडते. तशा वेळी कव्हर वारंवार साफ करण्यापलीकडे उपाय नाही.

दुकानातील साध्या चेनच्या दात्याचा वरचा कोन २५ ते ३० अंशांचा असतो. फळ्यांसाठीच्या चेनला तो १० अंशांचा ठेवतात. यामुळे वेग फारसा वाढत नाही, पण दाता बाजूला पळत नाही, फळीचा पृष्ठभाग गुळगुळीत येतो आणि सुताराला रंधा कमी मारावा लागतो. १० अंशांची तयार चेन आपल्या बाजारात क्वचितच मिळते. साधी चेन घेऊन तीन-चार वेळच्या धारेत तिचा कोन हळूहळू कमी करत आणावा. एका बैठकीत ३० वरून १० वर आणायला गेल्यास दात्याचे अर्धे आयुष्य कानशीखाली जाते.

लागणारी हत्यारे:

- चेनच्या पिचनुसार गोल कानस: पॉइंट ३२५ साठी ४.८ मि.मी., तीन-अष्टमांशसाठी ५.२ किंवा ५.५, लो प्रोफाइलसाठी ४.०, पॉइंट ४०४ साठी ५.५
- डेप्थ गेजसाठी चपटी कानस आणि मोजपट्टी
- व्हर्नियर कॅलिपर
- बार पकडून ठेवणारा लहान शिकंजा. रानात असाल तर ओंडक्यातच खाच करून बार रोवता येतो
- टॅकोमीटर (इंजिनाचा वेग मोजणारे यंत्र), प्लगचा पाना, फिलर गेज

कानस दात्याच्या आतून बाहेरच्या दिशेने, फक्त पुढे ढकलताना दाबावी आणि परत आणताना उचलावी. कानशीच्या व्यासाचा साधारण पाचवा भाग दात्याच्या वरच्या कडेवर दिसला पाहिजे. ती जास्त खाली गेली तर दात्याला आकड्यासारखी पातळ धार येते. ती पहिल्या फुटात झक्क कापते आणि सागात दुसऱ्या फुटाला मोडते. एका बाजूचे सगळे दाते झाले की चेन फिरवून दुसऱ्या बाजूचे करावेत. मग व्हर्नियरने दात्यांची लांबी मोजावी. सर्वांत लहान दाता हे माप धरून बाकीचे त्याच्या बरोबरीला आणावेत. डाव्या बाजूचे दाते उजव्यांपेक्षा लांब राहिले की बार एका अंगाला खेचला जातो आणि फळी एका कडेला इंच तर दुसऱ्या कडेला सव्वा इंच भरते. अशी फळी पाहून लोक चौकटीला दोष देतात. चौकट सरळच असते.

डेप्थ गेज म्हणजे दात्याच्या पुढचा तो उंचवटा. तो दात्याच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मि.मी. खाली असावा. ओल्या आंब्याला एवढे चालते. वाळलेल्या चिंचेला किंवा सागाला अर्ध्या मि.मी.च्या आसपास ठेवावे. जास्त खाली नेला की प्रत्येक दाता झेपेल त्याहून मोठा घास घेतो, मशीन धक्के देते आणि क्लच तापतो.

रस्त्याकडेच्या दुकानात विजेच्या ग्राइंडरवर चेन देण्याचा मोह होतो. तिथे दोन धोके असतात. एक म्हणजे तो कारागीर सवयीने ३० अंशांचा कोन घालतो आणि तुमची मेहनत वाया जाते. दुसरा म्हणजे घाईत दाता निळा पडेपर्यंत दगड दाबला जातो. निळ्या पडलेल्या दात्याचे पाणी उतरलेले असते, त्याला पुन्हा धार टिकत नाही. ग्राइंडर वापरायचाच असेल तर समोर उभे राहून कोन सांगावा आणि हलक्या हाताने, थांबत थांबत करायला लावावे.

धार किती वेळाने लावावी याचे उत्तर लाकडावर आहे. सागात सिलिका असते, ती दाते खाते. तिथे प्रत्येक कापानंतर कानशीचे दोन हात मारणे शहाणपणाचे. सिल्व्हर ओक किंवा आंब्यात पेट्रोलची एक टाकी निघते. फणसाचा चीक दात्यांवर आणि बारच्या खाचेत चिकटतो, तो रॉकेलच्या बोळ्याने पुसावा. भुसा पिठासारखा पडू लागला, धूर दिसला किंवा मशीन ढकलावे लागले की लगेच थांबावे. मशीनला जोर लावून धारेची उणीव भरून निघत नाही, फक्त बार वाकतो.

६. पेट्रोल, ऑईल आणि कार्ब्युरेटर

टू-स्ट्रोक ऑईलचे प्रमाण मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे घ्यावे. ५० ला १ या प्रमाणात पाच लिटर पेट्रोलला १०० मि.लि. ऑईल लागते. फळ्या पाडणारे बरेच जण ४० ला १, म्हणजे पाच लिटरला १२५ मि.लि. घालतात, कारण इंजिन सतत भाराखाली असते. एक गोष्ट इथे लक्षात ठेवावी: ऑईल वाढले की त्याच थेंबात पेट्रोल कमी होते आणि मिश्रण किंचित पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. म्हणून प्रमाण बदलले की कार्ब्युरेटर पुन्हा जुळवावा.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. हाताने जुळवायच्या कार्ब्युरेटरच्या अनेक मशीनच्या पुस्तिकेत कमाल १० टक्क्यांची मर्यादा दिलेली आढळते, म्हणून ती पाहून विक्रेत्याशी बोलावे. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते, रबरी नळी आणि डायफ्रॅम लवकर कडक होतात आणि पावसाळी हवेतले पाणी पेट्रोलमध्ये ओढले जाते. कॅनमध्ये महिनाभर पडलेले मिश्रण मशीनमध्ये ओतू नये. एका कामापुरतेच तयार करावे.

जुळवणीचा क्रम असा ठेवावा. एअर फिल्टर साफ करावा, बार आणि चेन चढवून ताण बरोबर करावा, मशीन गरम होऊ द्यावे. आधी एल (कमी वेगाचा) स्क्रू फिरवून आयडलला सर्वाधिक वेग मिळतो ते ठिकाण शोधावे आणि तिथून थोडा उघडावा, म्हणजे डावीकडे फिरवावा. थ्रॉटल दाबताच मशीन अडखळत असेल तर अजून किंचित उघडावा. मग एलए (आयडलच्या वेगाचा) स्क्रूने आयडलला चेन पूर्ण थांबेल एवढा वेग ठेवावा. शेवटी एच (जास्त वेगाचा) स्क्रू. भार नसताना पूर्ण थ्रॉटल फक्त दोन-तीन सेकंद द्यावे आणि आवाज ऐकावा. स्वच्छ, चिरका, चढत जाणारा आवाज म्हणजे मिश्रण पातळ आहे. एच स्क्रू उघडत गेल्यावर त्यात फडफड मिसळते. फळ्यांसाठी भार नसताना ही फडफड ऐकू यावी आणि बार लाकडात शिरताच ती नाहीशी व्हावी. लाकडातही फडफड राहिली तर मिश्रण जास्त जाड आहे, स्क्रू थोडा बंद करावा. टॅकोमीटर असेल तर पुस्तिकेतल्या कमाल वेगापेक्षा ५०० ते १,००० आरपीएम खाली राहावे. ज्या मशीनमध्ये वेगाची मर्यादा इग्निशनमध्येच बसवलेली असते, त्यात त्या मर्यादेमुळेही फडफड येते आणि कानाची फसगत होते. अशा मशीनला टॅकोमीटरशिवाय हात लावू नये. स्वयंचलित कार्ब्युरेटरच्या मशीनला हे स्क्रू नसतातच.

जुळवणी झाल्यावर दोन-तीन काप घेऊन प्लग काढून पाहावा. फिकट तपकिरी रंग योग्य. पांढरा पडला असेल तर मिश्रण पातळ आहे आणि पिस्टन सीझ होण्याच्या वाटेवर आहे. काळा, ओला प्लग म्हणजे जाड मिश्रण, ज्यात मशीन फक्त सुस्त चालते. शंका असेल तेव्हा जाडच्या बाजूला राहावे. स्क्रू फिरवूनही आयडल वरखाली होत राहिला तर इनलेटचे रबर किंवा क्रँकची सील हवा ओढत आहे असे समजावे आणि स्क्रूशी खेळत बसण्याऐवजी मेस्त्रीकडे न्यावे.

आपल्या भागाचा एक खास मुद्दा उंचीचा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. इथे नेमके जुळवलेले मशीन चोर्ला किंवा अनमोड घाटाने गोव्यात खाली नेले की तिथल्या दाट हवेत तेच मिश्रण पातळ ठरते. घाट उतरल्यावर एच स्क्रू थोडा उघडून पुन्हा ऐकावे. डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी घाट न उतरताही असाच फरक जाणवतो.

बारच्या ऑईलसाठी जळके इंजिन ऑईल वापरण्याची पद्धत सर्वत्र आहे. त्यात धातूचे कण असतात, ते चेनला चिकटून राहत नाही आणि त्वचेला अपायकारक असते. बारचे ऑईल किंवा निदान नवे, जाड ऑईल वापरावे. ३६ इंची आणि त्याहून लांब बारला मशीनचा पंप पुरत नाही. टोकाकडे थेंब थेंब ऑईल सोडणारी वेगळी बाटली चौकटीवर बसवावी. तिची तोटी आणि पकडा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून सहज करून मिळतो.

७. चौकट आणि पहिला काप

ओंडका उतारावर, बुडाची बाजू वर ठेवून मांडावा, म्हणजे मशीन स्वतःच्या वजनाने खाली सरकत कापते आणि ढकलण्याचा त्रास वाचतो. खालून दोन्ही बाजूंनी पाचरा मारून तो हलणार नाही असा करावा. ज्या रेषेत काप घ्यायचा तिथली साल आणि माती कोयत्याने खरवडून काढावी. बांधावरच्या आणि रस्त्याकडेच्या झाडांत कुंपणाची तार आणि पाट्यांचे खिळे हमखास सापडतात. कापाच्या टोकाला निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असे धरावे. शक्य असेल तर मेटल डिटेक्टर फिरवावा.

पहिल्या कापासाठी ओंडक्यावर सरळ आधार लागतो. शिडी चालते, पण ती मधे लवते. त्यापेक्षा दोन सरळ बॉक्स पाइप आडव्या पट्ट्यांवर घट्ट बसवलेले बरे. दोन्ही टोकांना लेव्हल लावून एकच पातळी साधावी, नाहीतर पहिल्या फळीचा पीळ शेवटच्या फळीपर्यंत उतरतो. आधाराचे खिळे बारच्या वाटेत येणार नाहीत एवढी खोली ठेवावी. जाडी मोजताना चौकटीच्या पट्टीपासून चेनच्या वरच्या दात्यापर्यंतचे अंतर घ्यावे, बारच्या पत्र्यापर्यंतचे नव्हे, आणि ते दोन्ही टोकांना मोजावे.

८. चिरताना

पूर्ण थ्रॉटल दिल्यावरच बार लाकडात घालावा आणि काप संपेपर्यंत ते सोडू नये. दर फूट-सव्वा फुटावर कापात पाचर मारत जावे, म्हणजे वरची फळी बारवर बसत नाही. निलगिरीत आतला ताण फार असतो, चिरता चिरता फळी वर उचलली जाते किंवा काप मिटतो. तिथे पाचरा आणखी जवळ हव्यात. काप संपल्यावर मशीन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट हलक्या थ्रॉटलवर थंड होऊ द्यावे. प्रत्येक टाकीला फिल्टर झटकावा, चेनचा ताण पाहावा आणि बार उलटा करावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

हेल्मेट, कानाची टोपणे, डोळ्यांची जाळी, जाड पँट आणि बूट यांत तडजोड नाही. मास्कही लागतो, कारण हा भुसा बारीक असतो आणि धूर सतत तोंडावर येतो. वाऱ्याची दिशा पाहून उभे राहावे. चेन तुटल्यास ती ज्या रेषेत उडेल त्या रेषेत मदतनिसाला उभे करू नये.

९. काम संपल्यावर

चेन गरम असतानाच तिचा ताण सैल करावा. ती थंड होताना आखडते आणि घट्ट राहिली तर क्रँकचे बेअरिंग व बार दोन्हींवर ताण येतो. बारची खाच पत्र्याच्या तुकड्याने साफ करावी आणि कडांवर आलेली पातळ धार चपट्या कानशीने घासून काढावी. महिनाभर मशीन लागणार नसेल, विशेषतः मृगाच्या आधी, तर टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये इथेनॉलचे पेट्रोल उरत नाही. चेन काढून ऑईलच्या डब्यात ठेवावी आणि डब्यावर पिच, गेज व लिंकची संख्या रंगाने लिहून ठेवावी. फळ्यांच्या टोकांना त्याच दिवशी ऑईल पेंट फासावा आणि त्या सावलीत, सारख्या जाडीच्या पट्ट्या मधे घालून, एकावर एक रचाव्यात. पट्ट्या बरोबर एकाखाली एक आल्या पाहिजेत, नाहीतर सरळ पाडलेली फळी रचाईतच वाकते.